एक बोट अलीकडे

हडपद मास्तर दिवसा निपाणीत केस कापायचे,
संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात
आम्हा अकरा पोरापोरींना मारायला शिकवायचे.
मारायला म्हणजे दोन बोटांनी,
जागा बघून.

कॅलेंडरच्या खिळ्याला एक चिनी माणूस टांगलेला,
टकला, उघडा, अंगभर ठिपके,
ठिपक्यांतून धावणाऱ्या रेघा.
नकाशे आमच्या गावात पुष्कळ,
चहाच्या गाड्यावर, मोर्चाच्या फलकावर,
प्रत्येकात रेघ थोडी इकडे, नाहीतर थोडी तिकडे.
या एकावर कुणी डांबर फासलं नव्हतं.

कोलकात्याला चामड्याच्या गोदामाशेजारी
मास्तरांनी सात वर्षं दुकान चालवलं.
तिथल्या एका चिनी म्हाताऱ्याचं डोकं फुकट तासलं,
बदल्यात हे ठिपके.
असं ते सांगायचे. खरंखोटं त्या म्हाताऱ्याला माहीत.

सुतारांचा भैरू रोज विचारायचा,
'मास्तर, ती जागा दाखवा की,
आज मारलं की तिसऱ्या दिवशी माणूस खलास!'
मास्तर शांतपणे,
'घरमालकावर करून बघितली रे.
तिसऱ्या दिवशी तो भाडं मागायला आला.'

मग ते माझा हात घ्यायचे.
अंगठा आणि तर्जनीमधला मऊ खळगा,
चिनी भाषेत त्याला म्हणे जुळलेली दरी म्हणतात.
तिथं बोट असं रुतायचं
की कोपरापर्यंत वीज,
मूठ आपसूक उघडी.
'बिडु,' म्हणायचे स्वतःलाच, आणि सोडायचे.
कन्नडात बिडु म्हणजे सोड.
आमच्या घरी बिडी म्हणजे पोट.

'हीच जागा हळू दाबली की दाढ थांबते, डोकं उतरतं.
वस्तऱ्याचंही तसंच, सगळा खेळ वजनाचा.
आणि ध्यानात ठेव,
पोटुशी बाई असली तर या दरीत उतरायचं नाही.'

आई दिवसाला हजार बिड्या वळायची.
रात्री तिची बोटं धड मिटायची नाहीत,
धड उघडायची नाहीत.
मी दरी शोधायची. तंबाखूचा वास तिथंच साठलेला.
दाबलं की ती आधी शिवी द्यायची, मग जांभई.
हळूहळू गल्ली यायला लागली,
मांडीवर सुपं घेऊन बायका रांगेत,
एक हात माझ्याकडे, दुसऱ्याच्या बोटांवर
छाटवाल्यानं फेकलेल्या बिड्यांचा हिशोब.

नीलव्वा आली सगळ्या गेल्यावर.
चार पोरी घरी, पाचव्याचा तिसरा महिना.
तिला कुणी सांगितलं, कळलं नाही.
औषधापेक्षा मनाई लवकर पसरते.
दोन्ही हात माझ्यापुढे ठेवले.
'जोरात,' म्हणाली. 'मास्तर मारतो तसं.'

मी सतरा वर्षांची.
बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं,
ती लांब जाईपर्यंत थांबले.
मग अंगठा ठेवला
दरीच्या एक बोट अलीकडे,
हाडावर, जिथं काहीच नाही,
आणि सगळा जीव लावून दाबला.

ती ओरडली नाही.
आधी माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे.
चौदा वर्षं बिड्या वळलेली बाई,
तिला स्वतःच्या हातातली दरी माहीत नसेल?

'बिडु,' म्हणाली.
मी सोडलं.
पदरानं तिनं माझाच अंगठा पुसला
आणि सूप उचलून गेली.

पुढचं विचारू नका.
अजून दाढ दुखली की मी माझाच हात घेते.
अंगठा आधी त्या हाडावर जातो,
तिथं जरा थांबतो,
मग दरीत.